एक जूनचे दोघे भाऊ

“केकवर नाव कोणाचं घालायचं?” वेटरने विचारलं.

नाथाजीने आकारामकडे पाहिलं. आकारामने पंख्याकडे पाहिलं.

“दोघांचं घाला,” नाथाजी म्हणाला. “दोघांचा बी आजच हाय.”

“जुळे का?”

“न्हाई. तीन वर्सांचं अंतर हाय.”

वेटरच्या चेहऱ्यावर या माहितीचा काही परिणाम झाला नाही. “मग मोठ्यांचं नाव वर येईल, धाकट्यांचं खाली. मोठे कोण?”

प्रश्न साधा होता.

“नुसतं हॅपी बर्थडे लिवा,” आकाराम म्हणाला.

सांगलीतल्या त्या बेकरीत खाली पाव-खारी मिळत असे आणि वर रेस्टॉरंट होतं. पाव घेणाऱ्यांनी मान वर करून जिन्याकडे बघायचं आणि जिन्यावरून जाणाऱ्यांनी खाली बघायचं नाही, अशी एकूण व्यवस्था होती. टेबलांवर पांढरं कापड, वेटरच्या हातांत पांढरे हातमोजे, आणि मेनूत मराठीचा एकही शब्द नाही. रात्रीचं जेवण इथे आठनंतर घेण्याची पद्धत होती. पण साताऱ्याची शेवटची थेट गाडी साडेसातला सुटायची, म्हणून नाथाजी आणि आकाराम जमदाडे हे दोघे भाऊ आपल्या वाढदिवसाच्या डिनरला भर उन्हात, साडेपाचलाच येऊन बसले होते.

त्यांनी याआधी वाढदिवस कधी केला नव्हता. एक जून ही तारीखही त्यांची नव्हती. ती मास्तरांची होती. पलूसच्या बाजूला त्या पिढीत जो शाळेत गेला तो एक जूनला जन्मला, आणि जो गेला नाही तो जन्मला की नाही हे सरकारला अजून माहीत नाही.

दोघांना बापाने एकाच दिवशी शाळेत नेलं होतं. नाथाजी तेव्हा नऊ वर्षांचा. अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत तो रांगत होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आकाराम सहाचा. मास्तरांनी वय विचारलं. बाप म्हणाला, “आसत्याल की धा-बारा म्हैनं मागंफुडं.” मग मास्तरांनी नेहमीची परीक्षा घेतली. उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन डाव्या कानाला लावायचा. कान सापडला तर पोरगं शाळेच्या वयाचं. आकारामचे हात जन्मतःच लांब, त्याने कान लगेच धरला. नाथाजी डोक्याने मोठा आणि हाताने आखूड. त्याची बोटं केसांतच अडकली. मास्तरांनी हातावरून वय काढलं: आकाराम थोरला, एक जून एकोणीसशे सतरा, नाथाजी धाकटा, एक जून एकोणीसशे वीस. बाहेर बैलं उन्हात उभी होती. बाप म्हणाला, “तुमी लिवताय तर तसंच आसंल.”

त्यानंतर घरात एक वय आणि कागदावर दुसरं, असं अठ्ठेचाळीस वर्षं बिनतक्रार चाललं. सणावाराला आकाराम नाथाजीच्या पाया पडत असे आणि त्याला ‘दादा’ म्हणत असे. कागदाने याला कधी हरकत घेतली नव्हती.

ती आता घेतली. आकाराम साताऱ्याला एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होता. आलेल्या प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का मारायचा, हे त्याचं काम. पुढच्या एकतीस मेला तो अठ्ठावन्न पुरा होऊन घरी जाणार, असा कागद गेल्या महिन्यात त्याच्याच टेबलावर आला, आणि त्याने त्यावरही शिक्का मारला. पोरगं कराडला इंजिनिअरिंगला होतं, त्याची तीन वर्षं बाकी होती. चुकलेली वर्षंही तीनच होती. त्याचे साहेब म्हणाले होते, “थोरल्या भावाचं प्रतिज्ञापत्र आणा. जूनच्या पहिल्या आठवड्यात वर गेलं तरच बघतील.”

आई गेली होती, सुईण गेली होती, मास्तरही गेले होते. कोण आधी जन्मलं हे शपथेवर सांगू शकणारा माणूस आता एकच उरला होता. पण त्याने ते सांगितलं की त्याचं स्वतःचं वय तीन वर्षांनी वाढणार होतं, आणि कालव्याच्या कचेरीतली त्याची उरलेली चार वर्षांची नोकरी एका वर्षावर येणार होती.

आकारामने पत्र लिहून सगळं कळवलं होतं. उत्तराला कार्ड आलं: ‘एक तारखेला सांगलीला ये. या खेपेला वाढदिवस करू. कागदाचं बघू.’

सूप आलं.

“ह्यात मीठच न्हाई,” आकाराम म्हणाला.

“मीठ त्या डबीत आसतंय. आपलं आपुन घ्यायचं.”

“मग त्येनी काय केलं?”

“गरम केलं,” नाथाजी म्हणाला.

कटलेट आलं. काट्याने ते धरायचं आणि सुरीने कापायचं होतं. धरलं की ते सरकत होतं. आकारामने इकडेतिकडे पाहिलं आणि ते हाताने खाल्लं.

“दादा, कागद आणलाय. खिशातच हाय.”

“जेव आधी.”

“जेवतोय की.”

नाथाजीने सुरी नीट काट्याला समांतर ठेवली. “आमच्या पोरीला, रंगूला, बघायला येनार हायत. तासगावची मानसं. पयला प्रश्न काय इचारला म्हाईत हाय? वडील नोकरीत हायत का. नोकरीतला बाप आनि घरात बसल्याला बाप, ह्यात लय फरक पडतो रं.”

“माझ्या पोराचं शिक्षान मधीच सुटंल, दादा.”

“त्ये बी खरं हाय.”

दोन्ही गोष्टी खऱ्या असल्यामुळे बोलणं तिथेच थांबलं.

तेवढ्यात जिन्यावर बुटांचा आवाज झाला. पुरता माणूस दिसण्याआधीच नाथाजी उभा राहिला. वर आले ते त्याचे साहेब, मागे त्यांच्या बाई.

“अरे, जमदाडे? तुम्ही इथे?”

“वाढदिवस हाये साहेब, आमचा. हे माझे थोरले बंधू. साताऱ्याला असतात.” मग नाथाजी आकारामकडे वळला. “दादा, हे आमचे साहेब.”

आकाराम उठला. उठलेला माणूस नमस्कार करतो म्हणून त्याने हात जोडले. पण नाथाजीचं अजून संपलं नव्हतं. “आज पाया पडायचं ऱ्हाऊनच गेलं,” असं म्हणून तो वाकला. गुडघ्यांनी आवाज केला. त्याने आकारामच्या चपलांना हात लावून तो कपाळाला लावला आणि तसाच वाकून थांबला.

आकारामला भावाचं डोकं वरून कधी दिसलं नव्हतं. मधोमध टक्कल पडलं होतं. साहेब बघत होते, बाई बघत होत्या, मोजेवाला वेटर केक घेऊन थांबला होता. कोणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं.

“सुखी ऱ्हा,” आकाराम म्हणाला आणि त्या टकलावर हात ठेवला.

“वा,” साहेब बाईंना म्हणाले, “बघितलंस? खेड्यात अजून टिकून आहे हे.” मग आकारामला विचारलं, “किती राहिली नोकरी?”

“एक वर्स.”

“भाग्यवान आहात. आता आराम करायचा. आमच्या जमदाड्यांना मात्र आम्ही चार वर्षं सोडत नाही.”

साहेब खिडकीजवळच्या टेबलाशी गेले. ते बसल्याबसल्या, न मागता, वेटर पाणी घेऊन गेला. त्यांचं ते नेहमीचं टेबल असावं.

“दर शनवारी येत्यात,” नाथाजी केककडे बघत म्हणाला. “सा वाजता.”

आकारामने भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. वारही शनिवारच होता. कार्डातलं ‘कागदाचं बघू’ म्हणजे काय, ते त्याला कळलं. आता राग येईल असं त्याला वाटलं आणि तो थोडा वेळ वाट बघत बसला. राग आला नाही. वेटरने सुरी पुढे केली.

“थोरल्यांनी कापायचा,” वेटर म्हणाला. त्याला आता माहिती मिळाली होती.

आकारामने कापला. पहिला तुकडा नाथाजीच्या तोंडात घातला, कारण खिडकीजवळून बाई कौतुकाने बघत होत्या. नाथाजीने तो चावला नाही, तसाच गिळला.

“लय ग्वाड हाय,” आकाराम म्हणाला.

“तसंच आसतंय हितलं.”

उरलेला केक खोक्यात बांधून नाथाजीने त्याच्या हातात दिला. “पोराला ने कराडला,” म्हणाला. प्रतिज्ञापत्राविषयी दोघांपैकी कोणीही बोललं नाही. नको म्हणणंही झालं नाही, त्यामुळे भांडण व्हायला जागा राहिली नाही.

स्टँडवर साताऱ्याची गाडी लागली तेव्हा दाराशी झुंबड उडाली. लगीनसराईची शेवटची गर्दी, ट्रंका, पोरं. आकाराम खोकं छातीशी धरून बाजूला उभा राहिला. नाथाजी मात्र धोतर खोचून गर्दीत घुसला. कोपराने वाट काढत आत गेला, आणि गाडी भरून गेल्यावर त्याचा आवाज खिडकीतून बाहेर आला.

“उठा की जरा, पाव्हनं. वयस्कर मानूस हाय. माझा थोरला भाऊ. साताऱ्यापतोर हुभं ऱ्हानं न्हाई व्हायचं त्येस्नी.”

सुट्टीवरून निघालेला एक फौजी उठला. आकाराम कसाबसा तिथवर पोचला. “बसा बाबा,” फौजी म्हणाला. आकाराम बसला.

कंडक्टरने घंटी दिली. नाथाजी घाईने उतरला आणि खिडकीखाली आला. त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण बोलता येईना. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून तो धापा टाकत होता. एक हात वर करून त्याने, थांब, अशी खूण केली.

गाडी सुटली.