राबाचा वास

साईनाथनं गाडीच्या मागच्या झाकणाखालची लाकडी पाचर उपटून फेकली, तेव्हाच त्याच्या आईच्या, सकुबाईच्या मनात पाल चुकचुकली होती. पण म्हातारपणी पाल रोजच चुकचुकते. दर वेळी बोलून दाखवलं तर पोरं म्हणतात, आये तुला दुसरं काम नाय. म्हणून ती गप्प बसली.

गाडी तिच्या नवऱ्याची, चंदरची. भातसानगरला चंदर एका साहेबाचा ड्रायव्हर होता आणि साहेब बदली होऊन जाताना ही फिकट निळी, पाठीत पोक आलेली, दोनच दारांची विलायती मोटार त्याला देऊन गेला. सगळीच उफराटी. इंजिन मागं, सामान पुढं, आणि इंजिनाला पाणी घालायची सोयच नाही. अर्ध्या मुंबईला पाणी पाजणाऱ्या धरणावरची ही गाडी, पण जगायची नुसत्या वाऱ्यावर. मागं एक पंखा होता. तो बाहेरचा वारा ओढायचा आणि इंजिनाच्या अंगावर फुंकायचा. त्यातलाच थोडा गरम वारा थंडीत माणसांना ऊब यावी म्हणून बसायच्या जागी पायाशी सोडलेला असायचा. चंदर म्हणायचा, हिचा वारा अडला की हिचा कारभार आटोपला.

आणि त्यानं तो वारा कधी अडू दिला नाही. मागचं झाकण थोडं उघडं राहावं म्हणून त्यानं खाली पाचर ठोकली. झाकण उघडं म्हणजे उंदीर-घुशींना रान मोकळं, म्हणून पंख्याच्या तोंडावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी बांधली. चढ लागला की मध्येच गाडी थांबवायचा, इंजिनाच्या तेलात बुडवलेली मापाची काडी बाहेर काढायचा आणि किती तापली ते बघायला मुठीत धरायचा. धरवली तर पुढं, नाय धरवली तर झाडाखाली बसून विडी. लोक हसायचे. हसणाऱ्यांचं काय जातं?

चंदर गेला, गाडी राहिली. मग मनस्वीचं, साईनाथच्या एकुलत्या एका पोरीचं, मुरबाडात लग्न ठरलं आणि साईनाथच्या डोक्यात खूळ शिरलं. पोरीला आज्याच्या गाडीतून मांडवात न्यायची. आणि गाडी कशी, तर भिंतीवरच्या फोटोतल्यासारखी. त्या फोटोत पांढऱ्या कपड्यातला जवान चंदर नव्या कोऱ्या गाडीला टेकून उभा आहे. साईनाथ शहापूरच्या रंगवाल्याला तो फोटो रोज दाखवायचा. फोटोत जे नाही ते गाडीवर ठेवायचं नाही, असा त्याचा हट्ट.

"फोटोत पाचर हाय का, आये? नाय. जाळी हाय का? नाय. बाबांनी नंतर गाडीचं पार भंगार करून टाकलं होतं."

आता खोटं कशाला बोला, जाळी निघाली तेव्हा सकुबाईला बरंच वाटलं होतं. मुंगसानं दोन पिल्लं नेली होती, तिनं ती जाळी लागलीच आपल्या खुराड्याला लावली. आणि रंगवून आलेली गाडी उन्हात कुठं ठेवायची असं साईनाथनं विचारलं, तेव्हा तिनंच सांगितलं होतं, "पेंढ्याच्या खोपीत ठेव. गार राहील." खर्डीपासून मुरबाडपर्यंत कुणीही हेच सांगितलं असतं. पेंढ्यात आंबा ठेवतात, अंडी ठेवतात. गाडी ठेवली तर काय बिघडलं?

लग्नाच्या दिवशी गाडी अंगणात आली तेव्हा मात्र म्हातारीचे डोळे भरले. चंदर असता तर चाकाला लाथ मारून बघितली असती. वऱ्हाडाचा टेम्पो पुढं गेला, त्यात मनस्वीची आई सारिका गेली. साईनाथच्या बाजूच्या सीटवर रुखवत रचलं, लाडूंचा मनोरा, कागदी देऊळ, आणि हलू नये म्हणून सीटसकट सुतळीनं करकचून बांधलं. मागं सकुबाई आणि नवरी.

मनस्वी सकाळपासून बडबडत होती. केसांतल्या पिना टोचतात, शालू जड झालाय, नवऱ्याचा फोन आला नाय. सकुबाईनं तिला दटावलं, "गप बस गो जरा. नवरीनं तोंड मिटून बसावं. सासरची माणसं बघतील, आतापासून सवय कर." पोरगी हसली आणि खरंच गप्प बसली.

शहापूर मागं पडलं. धूळ नको म्हणून साईनाथनं काचा वर करायला लावल्या होत्या. किन्हवलीच्या आसपास सकुबाईच्या नाकाला जळका वास लागला.

"काय जळतंय रे?"

"राब, आये. दिवसच हायत."

खरंच होतं. दोन्ही अंगाला शेतांतून धूर निघत होता. भाताचं रोप टाकायच्या आधी पालापाचोळा, शेण, पेंढा पसरून जमीन भाजायची, ते हेच दिवस. सकुबाईनं जन्मभर राब भाजले होते. तिनं मान हलवली आणि रुखवतातल्या देवळाकडं बघत बसली.

पण पुढं रान लागलं. साग नुसते वाळलेले उभे, शेताचा पत्ता नाही, धुराची रेघ नाही. वास मात्र तसाच. उलट जास्तच. राबाच्या वासात शेण असतं, ओला पाला असतो, तो वास जडसर येतो. हा वास कोरडा होता. नुसता पेंढा जळत होता, आणि त्याला तेलाची झाक होती.

बोलावं का? पुढं साईनाथ शीळ घालत होता. कितीतरी वर्षांनी घालत होता. तिनं पाठ मागं टेकवली, तर सीट गरम लागली. उन्हानं असेल. तिनं स्वतःचीच समजूत घातली आणि तिला स्वतःचाच राग आला. भीती वाटायला लागली की माणूस आधी स्वतःलाच फसवतं. तिनं मनस्वीकडं पाहिलं. पोरगी पाय आखडून बसली होती, ओठ घट्ट मिटलेले, नजर खिडकीबाहेर. पोरीला घर सुटल्याचं वाईट वाटत असेल, असं म्हातारीला वाटलं.

चढ लागला. इंजिनाचा आवाज जाडा झाला. चंदर इथं थांबला असता. इथंच, त्या उंबराखाली थांबायचा. उंबर मागं गेला.

आणि मग तिला ते दिसलं. मनस्वीच्या पिवळ्या शालूवर एक काळी काडी येऊन बसली. जळलेल्या पेंढ्याची काडी. तिनं बोट लावलं तर तिची राख झाली. काचा तर वर होत्या. दुसरी काडी आली. ती वरून येत नव्हती, खालून येत होती. पायाशी ऊब सोडायची जी फट होती, तिथून.

बाहेर कुठं जळत नव्हतं. जळत होतं ते त्यांच्या पाठीमागं, एका पत्र्याच्या पलीकडं.

"साईनाथा, गाडी थांबव."

"चढ संपू दे, आये. इथं बंद केली तर पंखा बंद पडंल, मग आणखी तापंल."

"तुझ्या पंख्यानंच फुंकर बसतेय त्याला. थांबव म्हणते ना."

त्यानं आरशात पाहिलं. मागच्या काचेवर धूर दाटला होता. त्यानं ब्रेक दाबला, गाडी बंद केली, उडी मारली आणि सरळ मागं पळाला. दार त्याच्या मागं आपटून लागलं.

आणि त्या दोघी आतच राहिल्या. मागं दार नाही, ही गोष्ट सकुबाईला आज पहिल्यांदा कळल्यासारखी कळली. एका बाजूला रुखवत, सुतळीनं आवळलेलं, हलेना. दुसऱ्या बाजूला साईनाथची सीट, ताठ उभी. तिनं सीटला धक्के मारले. धूर आता पायाशी येत होता. मनस्वी खोकत होती, शालू गुडघ्यापर्यंत गोळा करून. ही आज इथं जळणार आणि मी बघत बसणार, एवढंच डोक्यात.

मग हातालाच आठवलं. नवी नवरी असताना चंदरनं शिकवलेलं. सीटच्या खालच्या अंगाला कडी असते, ती वर ओढायची आणि सीट पुढं लोटायची. बोटं चाचपडत गेली, कडी सापडली, ओढली. सीट पुढं पडली. तिनं दाराची मूठ फिरवली आणि नातीला अक्षरशः ढकलून रस्त्यावर फेकली. मागून स्वतः बाहेर पडली ती गुडघ्यांवर.

साईनाथनं झाकण उघडलं आणि जाळ वर उसळला. तो पाण्याची बाटली शोधत होता.

"पाणी नको, तेल हाय त्यात. माती घाल," सकुबाई ओरडली. भाजताना राब बांधाबाहेर पळाला तर काय करायचं, ते तिला कुणी शिकवायला नको होतं. रस्त्याकडेची फुफाट्यासारखी माती तिनं पदरात भरली आणि त्या चकचकीत इंजिनावर ओतली.

"आये, इंजिनात माती..." साईनाथ बोलला आणि तिथंच थांबला. रस्त्याकडेला उभ्या पोरीकडं त्यानं पाहिलं. मग तोही दोन्ही हातांनी माती ओढायला लागला.

जाळ विझला. निळा रंग फुगून पापुद्रे निघाले होते. सकुबाईनं काटकीनं पंख्याचं तोंड उकरलं, तर आतून घरटं निघालं. झाकण बंद असलं तरी उंदरानं खालच्या फटीतून खोपीतला पेंढा काडी काडी करून आत नेला होता आणि वर मऊ म्हणून कोंबडीची पिसं अंथरली होती. तिचाच पेंढा आणि तिच्याच कोंबड्या. जाळीही तिच्याच खुराड्याला. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय. साईनाथ रस्त्यावर बसून लहान पोरासारखा रडला. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, हाताची काजळी त्याच्या केसांना लागली.

मुरबाडकडं जाणाऱ्या एका जीपवाल्यानं त्यांना घेतलं. मुहूर्त चुकला नाही. गाडी वाटेत बिघडली, एवढंच मांडवात सांगितलं.

अंतरपाट धरायच्या आधी सकुबाई नातीच्या निऱ्या नीट करायला वाकली. निऱ्यांच्या आत, काठाजवळ तिचं बोट आरपार गेलं. रुपयाएवढं भोक होतं. कडा जळून कडक झालेल्या. तिनं शालू जरा वर केला. घोट्यावर फोड आला होता, पाण्यानं टरारलेला.

"हे कवा झालं गो?"

"गाडीत," मनस्वी हळूच म्हणाली. "किन्हवलीच्या पुढं. निखारा पडला होता पायावर. मी दुसऱ्या पायानं चिरडला."

"आणि बोलली नाय?"

"बाबा शीळ घालत होते ना. आणि तूच म्हणालीस, तोंड मिटून बस."

बाहेर भटजींनी मुलीला आणा म्हणून हाक दिली. सारिका दारात आली. सकुबाई मात्र खालीच बसून राहिली, पोरीचा घोटा दोन्ही हातांत धरून. गाडीत वाटली नव्हती एवढी भीती तिला आता वाटत होती.

"मनस्वी," ती म्हणाली, "सकाळी मी बोलले ते चुकीचं बोलले. तिथं सासरी चटका बसला तर ओरडशील ना गो?"

पोरगी हसली. मान मात्र तिनं हलवली नाही, आणि सारिका तिला हाताला धरून मांडवाकडं घेऊन गेली.