मडगावची मोटार

गोव्याला जायचं ठरलं तेव्हा उत्तरा काहीच बोलली नाही. तिला आनंदानं बोलणं सुचलं नसेल, असं सासू-सासऱ्यांनी धरून घेतलं.

तिचे सासरे, अण्णा, ठाण्याच्या कोर्टात अडतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले होते. घराण्याची कुलदेवी फोंड्याच्या बाजूला, पण तीन पिढ्यांत तिच्या दर्शनाला कुणी गेलं नव्हतं. १९५२ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत पत्नी वासंतीबाई, मुलगा प्रभाकर, सून उत्तरा आणि सात वर्षांची नात जया यांना घेऊन जाऊन यायचं, असं अण्णांनी मनावर घेतलं. गोव्यात फिरंग्यांचं राज्य, म्हणजे तो परदेशच. अण्णांनी कागदपत्रं जमवायला घेतली, आणि खारकर आळीतल्या त्यांच्या ओसरीवर रोज संध्याकाळी एकाच प्रश्नावर बोलणं होऊ लागलं. मडगावला उतरल्यावर भाड्याची मोटार करायची, की तिथल्या बसनं पुढं जायचं?

"बस देवळाशी सोडते, ते खरं," अण्णा म्हणाले. "पण मोटार तीन दिवस आपल्याजवळ राहील. आणि उत्तराचं गाव त्याच बाजूला ना? तिकडे बस जात नाही म्हणतात. मोटारीनं जाऊन येऊ. आईवडील नसले तरी घर असेल, शेजारीपाजारी असतील. आठ वर्षांत पोरीनं माहेरचा उंबरा पाहिला नाही."

"कशाला अण्णा?" उत्तरा म्हणाली. "तिथं आता कोणी नाही. बसनंच जाऊ."

"बघितलंत? स्वतःसाठी काही मागेल तर शपथ," वासंतीबाई कौतुकानं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर उत्तरा आणि प्रभाकर तलावाच्या काठानं घरी येत होते. दोघंही शिक्षक. तिच्या शाळेतच त्यांची ओळख झाली होती.

"तू बसचाच आग्रह धर," प्रभाकर म्हणाला. "मीही धरतो. विषय मिटेल."

"आणि मांय?"

उत्तराची आई मेलेली नव्हती. बोरणे गावच्या देवळात ती पालखीपुढे गात असे. तिच्या आईनंही तेच केलं होतं. त्या घरातल्या मुलींची लग्नं होत नसत. मुली देवाला वाहिल्या जात, आणि गावातला कुणी पैसेवाला गृहस्थ त्यांना सांभाळी. उत्तराला नवव्या वर्षी तिच्या मामानं मुंबईला आणलं, स्वतःचं नाव लावलं, शाळेत घातलं. लग्नाच्या वेळी अण्णांना सांगितलं गेलं की मुलगी पोरकी आहे. प्रभाकरला सगळं ठाऊक होतं. 'सावकाश सांगू,' असं तोच म्हणाला होता.

"मामा गेल्यापासून पत्र नाही," उत्तरा म्हणाली. "तिचं पत्र मामांच्याच पत्त्यावर यायचं. ती आहे की नाही, तेसुद्धा मला माहीत नाही. बसनं गेले तर देवीला हात जोडून परत येईन, आणि ती तिथून दहा मैलांवर. मोटार केली तर अण्णांना घेऊन तिच्या दारात उतरायचं."

"चूक माझी आहे."

"मीही हो म्हणालेच होते की," ती म्हणाली.

जायचा दिवस आला तरी प्रश्न तसाच राहिला होता. कल्याणला पुण्याची गाडी पकडली, पुण्याहून मिरजमार्गे दुसरी. हद्दीवर फिरंगी शिपायांनी ट्रंका उघडून पाहिल्या, कागदांवर शिक्के मारले. घाट उतरताना जया खिडकीशी ओरडत होती, अण्णा तिला बोगदे मोजायला शिकवत होते. उत्तराला त्या बाहेरच्या हिरव्या रंगाकडे पाहवेना. नऊ वर्षांची असताना ती याच वाटेनं उलटी गेली होती.

मडगावला स्टेशनाबाहेर बस उभी होती. टपावर टोपल्या आणि कोंबड्यांचे खुराडे चढत होते. तिच्यापलीकडे एक काळी, लांब मोटार, आणि तिला टेकून कायतान नावाचा ड्रायव्हर.

"उत्तरा, आता तूच सांग," अण्णा हसून म्हणाले. "मुलूख तुझा."

उत्तरानं जयाला थोडं दूर, केळीवाल्या बाईकडे पाठवलं.

"मोटार करू या, अण्णा," ती म्हणाली. "पण आधी माझं ऐकून घ्या. मग तुम्ही म्हणाल तसं करू."

तिनं उभ्याउभ्याच सांगितलं. आई जिवंत आहे, निदान असावी. ती काय करते. वडील कोण ते गावाला माहीत आहे, पण त्यांचं नाव आपल्याला मिळालेलं नाही. सांगताना तिचा आवाज कुठंही कापला नाही. वर्गात धडा समजावून द्यावा तसं तिनं सगळं क्रमानं सांगितलं.

अण्णांनी मुलाकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून."

"अडतीस वर्षं मी लोकांच्या साक्षी लिहिल्या," अण्णा म्हणाले, "आणि माझ्या घरात..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. आपली पिशवी उचलली आणि ते बसकडे चालू लागले.

प्रभाकर दोघांच्या मध्ये उभा राहिला. "तुम्ही अण्णांबरोबर जा," उत्तरा म्हणाली. "त्यांना इथली भाषा येत नाही. एकटे कुठं उतरतील?" तो गेला.

उत्तराला वाटलं, वासंतीबाईही आता मागोमाग जातील. त्यांनी बसच्या उंच पायरीकडे एकदा पाहिलं.

"मला काही ती पायरी चढवणार नाही," त्या म्हणाल्या. "गुडघे बघ माझे." त्यांनी जयाला हाक मारली आणि स्वतःच मोटारीचं दार उघडलं. पुण्याला आगगाडीच्या डब्यात त्या कुणाचाही हात न धरता चढल्या होत्या.

बोरण्याचा रस्ता तांबड्या मातीचा होता. घर तसंच होतं, फक्त तिच्या आठवणीपेक्षा लहान. ओसरीवर एक वाळलेली, पांढऱ्या केसांची बाई अबोलीची फुलं गुंफत बसली होती. मोटार पाहून ती उठली.

"कोण जाय?" तिनं विचारलं. कोण हवं आहे तुम्हाला?

"मांय," उत्तरा म्हणाली.

बाईनं खांब घट्ट धरला. एक पाऊल पुढं आली, आणि मागच्या अनोळखी, नऊवारीतल्या बाईकडे लक्ष जाताच थांबली.

"माझ्या सासूबाई," उत्तरानं सांगितलं.

मांयनं घाईघाईनं डोक्यावर पदर घेतला, अंगणातल्या मांडवात नवी चटई अंथरली आणि स्वतः लांब उभी राहिली. पाणी विचारावं की नाही, हे तिला समजत नव्हतं. तिच्या हातचं पाणी अशा घरची माणसं पीत नसत. वासंतीबाईही चटईवर बसून जमिनीकडे बघत राहिल्या.

"शहाळं असेल तर द्या," शेवटी त्या म्हणाल्या.

उत्तराला समजलं. शहाळ्याला विटाळ नसतो. सासूबाईंना आज जमण्यासारखं होतं ते एवढं, आणि तेवढं त्यांनी केलं. मांयनं धावत जाऊन शहाळं सोलून आणलं. जया मात्र सरळ आत गेली आणि माठातलं पाणी पिऊन आली.

"तुम्ही माझ्या कोण?" तिनं तोंड पुसत विचारलं.

मांयनं उत्तराकडे पाहिलं, परवानगी मागावी तसं.

"आजी," उत्तरा म्हणाली. "माझी आई."

तेव्हा कुठं मांयनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. भाऊ गेल्याची बातमी तिला दोन महिन्यांनी कळली होती, आणि तो पत्ता गेल्यावर लेकीला गाठायची वाटच उरली नव्हती. निघताना तिनं वासंतीबाईंना हात जोडले.

"हिला मी देवाला दिली नाही," ती म्हणाली. "भावाबरोबर पाठवली. एवढं एक माझ्या हातून झालं."

"चांगलं केलंत," वासंतीबाई म्हणाल्या. "फार चांगलं केलंत."

उत्तरानं ठाण्याचा पत्ता एका कागदावर लिहून मांयच्या हातात दिला.

संध्याकाळी देवळाच्या धर्मशाळेत सगळे पुन्हा भेटले. पुढचे दोन दिवस अण्णा मोटारीत कायतानशेजारी बसले आणि फक्त रस्त्याबद्दल बोलले. ठाण्याला परत आल्यावरही उत्तराशी त्यांचं बोलणं जयामार्फतच चाले. तिच्या हातचं जेवत, चहा घेत, पण तिच्याकडे बघत नसत. प्रभाकरशी तर तेवढंही नव्हतं. वासंतीबाईंनी एक-दोनदा मध्यस्थी करून पाहिली आणि सोडून दिली.

संक्रांतीच्या सुमारास एके सकाळी अण्णांनी प्रभाकरला ओसरीवर बोलावलं.

"तेव्हा सांगितलं असतंस तर मी कदाचित नाही म्हटलं असतं," ते म्हणाले. "बहुतेक म्हटलंच असतं. पण ते मला म्हणू द्यायला हवं होतंस. मग मी चुकलो असतो, आणि माझी चूक सुधारायची की नाही तेही माझ्याकडे राहिलं असतं. तू मला काहीच करू दिलं नाहीस."

आत स्वयंपाकघरात उत्तराला सगळं ऐकू येत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा तिला सासऱ्यांचा राग कळला.

शिमग्याच्या आधी पोस्टमननं पत्र आणलं. बोरण्याच्या मास्तरांच्या अक्षरात होतं. अण्णांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि आत येऊन तिच्यापुढं धरलं. "तुझ्या आईचं पत्र," ते म्हणाले.

ते मांयच्या गावी कधी गेले नाहीत. पुढे हद्द बंद झाली, गाड्या थांबल्या, आणि जायचं म्हटलं तरी कुणालाच जाता येईना. मांय गेल्याची बातमी १९५६ च्या पावसाळ्यात आली, तीही कारवारमार्गे, कुणाच्या तरी हाती.

उत्तरा तीन दिवस सुतकात होती. शेजारचे गृहस्थ सकाळचं वर्तमानपत्र मागायला आले आणि घरातली शांतता पाहून ओसरीवर थबकले.

"काय झालं, अण्णा?"

"सुनेची आई वारली."

"त्यांची आई? पण त्या तर लहानपणीच..."

"नाही. गेल्या महिन्यात गेल्या," अण्णा म्हणाले. "गोव्याला असत. देवळात गात. बसा ना."