दोन-एकची सोंगटी

बुधवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी टॅक्सी युनियनच्या हॉलमध्ये फाउस्तो पेगेरो एलादिओ मेर्सेदेसशी बोलला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच, आणि तेही इंग्रजीत, कारण तोंडी परीक्षा होती.

दोघंही पुएर्तो प्लाता बंदराच्या धक्क्यावर टॅक्सी चालवतात. गाड्या एकाच दिवशी घेतल्या, म्हणून फाउस्तोचा नंबर एक्केचाळीस आणि एलादिओचा बेचाळीस. एलादिओच्या धाकट्या मुलीच्या बाप्तिस्म्याला फाउस्तो धर्मपिता होता. त्या नात्याने दोघं एकमेकांना ‘कोम्पाए’ म्हणायला लागले आणि नावाने हाक मारणं बंदच झालं. अकरा वर्षं, दर रविवारी चार वाजता, ते चेपेच्या किराणा दुकानापुढे डॉमिनोच्या टेबलावर जोडीदार म्हणून समोरासमोर बसायचे. जोडीदाराशी बोलायचं नसतं. तो कुठे काय लावतो त्यावरून त्याच्या हातात काय उरलंय ते ओळखायचं. या दोघांना ते इतकं जमायचं की प्रतिस्पर्धी कुठे आरसा तर लावला नाही ना, म्हणून मागे वळून बघायचे.

मग जानेवारीतल्या एका रविवारी एलादिओने जोडीदाराचा चार मारला.

फाउस्तोने चार ठिपक्यांनी डाव उघडला होता. म्हणजे चार ही त्याची ताकद, ते टोक त्याच्यासाठी मोकळं ठेवायचं, हे त्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. एलादिओने नेमकं तेच टोक बंद केलं. डाव गेला. दुसऱ्या टोकाला दोन होता, तिथे लावायला काहीच नव्हतं का, असं फाउस्तोने विचारलं. नव्हतं, असं म्हणून एलादिओने हातातल्या सोंगट्या उपड्या केल्या आणि ढिगात मिसळून टाकल्या. जरा घाईनेच मिसळल्या.

फाउस्तोने मनात हिशेब केला. दोन-एक कुणीच लावली नव्हती, आणि बाकी दोघांकडे दोनची एकही सोंगटी नव्हती. ती सोंगटी तुझ्याकडेच होती, असं तो म्हणाला. एलादिओने आईची शपथ घेतली. फाउस्तो उठला, टोपी घातली आणि म्हणाला, “तुमच्या आईला यात कशाला ओढता?” त्या ‘तुम्ही’नंतर त्यांच्यात शब्द नाही.

सोंगटी होती. डाव चालू असताना एलादिओ दुकानातल्या टीव्हीवर बेसबॉलची फायनल बघत होता आणि हाताला आली ती सोंगटी त्याने लावून दिली होती. एवढंच. पण शपथ घेतलेली, त्यामुळे एवढंच सांगणं रविवारागणिक जड होत गेलं. आता त्याच्यासमोर औषधवाला बिएनवेनिदो बसतो, हातात जोड सहाची सोंगटी आली की जो कानापर्यंत लाल होतो. एलादिओ दर रविवारी हरून घरी येतो. बायको मिगेलिना मांगूची, उकडून कुस्करलेल्या कच्च्या केळ्यांची ताटली पुढे सरकवते आणि तेच म्हणते, “चुकलं म्हणून सांगून टाक. जीभ झिजणार आहे का तुझी?” एलादिओ कांदा बाजूला काढत बसतो. हरण्याचं त्याला काही नव्हतं. समोरची खुर्ची भरलेली असून रिकामी वाटायची, ते खात होतं.

ऑगस्टमध्ये युनियनने इंग्रजीचा वर्ग लावला. भडकलेल्या पॅसेंजरला शांत कसं करायचं, हा विषय. वीस वर्षं हॉटेलच्या काउंटरवर काढलेल्या नेरेइदाबाई शिकवायच्या. आधी ऐकून घ्या, आवाज खाली आणा, समोरच्याला राग आलाय हे आपल्या तोंडाने कबूल करा. ‘शांत व्हा’ हे वाक्य त्यांनी फळ्यावर लिहून पुसलं. हे ऐकून आजवर कुणी शांत झालेलं नाही, म्हणाल्या. एका ड्रायव्हरने विचारलं, पॅसेंजरच चुकलेला असेल तर काय म्हणायचं? ते वाक्य आपल्या अभ्यासक्रमात नाही, असं उत्तर मिळालं.

सहा आठवडे ते दोघे हॉलच्या दोन टोकांना बसले. परीक्षेला बाईंनी गाडीच्या नंबरांप्रमाणे जोड्या लावल्या. एक्केचाळीस पॅसेंजर, बेचाळीस ड्रायव्हर.

फाउस्तोने पट्टा वर ओढला आणि सावकाश इंग्रजीत म्हणाला, “सर, तुमच्याकडे दुसरी सोंगटी होती.”

तक्रार टॅक्सीबद्दल हवी, असं बाईंनी सुचवलं. पॅसेंजर वाटेल त्याबद्दल तक्रार करतो हे तुम्हीच शिकवलंत, असं फाउस्तोने नम्रपणे सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

एलादिओने पाठ केलेलं म्हटलं. तुम्हाला राग आलाय हे मला समजतंय.

“आठ महिने आलाय,” फाउस्तो म्हणाला.

सविस्तर सांगाल का, असं एलादिओने विचारलं, कारण पुढचं वाक्य तेच होतं. फाउस्तोने तारीख, डावाचे गुण आणि दोन-एक, सगळं सांगितलं. क्रियापदं चुकली, आकडे नाही.

आता दोन रस्ते होते. ‘मी चौकशी करून कळवतो’ हे वाक्य फळ्यावर होतं आणि त्याला पूर्ण मार्क होते. एलादिओने त्या वाक्याकडे बघितलं. आपल्या भाषेत जे घशात अडकत होतं, ते इंग्रजीत भाड्याच्या गाडीसारखं वाटलं. ओरखडा आला तरी गाडी आपली नाही.

“इट वॉज माय मिस्टेक,” तो म्हणाला. आणि मग, फळ्यावर नसलेलं, “सोंगटी माझ्याकडे होती.”

मागच्या बाकावरून कुणीतरी लाकडावर दोनदा ठोकलं, डॉमिनोत खेळायला काही नसलं की ठोकतात तसं.

बाहेर पायऱ्यांवर फाउस्तोने त्याला गाठलं. आता स्पॅनिशमध्ये. “आत बोललात ते मार्कांसाठी, की खरं?”

एलादिओने तोंड उघडलं. स्वतःच्या भाषेतला एकही शब्द बाहेर येईना. शेवटी तो इंग्रजीतच म्हणाला, तुम्ही धीर धरलात, त्याबद्दल आभारी आहे. फाउस्तोच्या तोंडाचा कोपरा हलला. हसू होतं की राग, ते कळलं नाही, डोळ्यांवर काळा चष्मा होता.

निकाल शुक्रवारी लागला. एलादिओला नऊ, आवाज फारच खाली गेला म्हणून एक कापला. फाउस्तोला दहा. शेऱ्यात बाईंनी लिहिलं होतं, पॅसेंजर खरा वाटला.

रविवारी चार वाजून पाच मिनिटांनी फाउस्तो चेपेच्या दुकानापुढे आला आणि आपण दुसरीकडे बसाल का, असं त्याने बिएनवेनिदोला इंग्रजीत विचारलं. बिएनवेनिदोला इंग्रजी येत नाही, पण तो उठला. बसण्याआधी फाउस्तोने चेपेला टीव्हीचं तोंड भिंतीकडे करायला सांगितलं. बेसबॉलचं फाउस्तोला कुणी काही सांगितलं नव्हतं.

एलादिओने मान खाली घालून सोंगट्या उभ्या केल्या. सहा डावांपैकी पाच त्यांनी जिंकले. मधे जे काही बोलले ते इंग्रजीत, आणि फार अदबीने. उठताना पुढच्या रविवारचं एलादिओने विचारलं. मी चौकशी करून कळवतो, असं उत्तर मिळालं.

त्यानंतर दोन रविवार झाले. दोन्ही रविवारी फाउस्तो आला, चार वाजून पाच मिनिटांनीच. ‘कोम्पाए’ अजून कुणी म्हटलेलं नाही. फाउस्तो ‘सर’ म्हणतो.