सातव्या क्रमांकाचे नाव

विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन सॉफ्टबॉल स्पर्धेसाठी पाठवावयाची यादी लिपिक सोमनाथने बबिताबाईंपुढे ठेवली आणि पेनाचे टोपणही स्वतःच काढून दिले. प्रशिक्षक बबिता गडदे यांनी पेन हातात घेतले नाही. त्यांनी सोळाही नावे बोट ठेवून वाचली. सातव्या क्रमांकावर, पिचर म्हणजे चेंडू टाकणारी म्हणून, अंजू सोन्नर हे नाव असावयास हवे होते. तेथे धनश्रीचे नाव होते आणि शेजारी धनश्रीचेच छायाचित्र चिकटवलेले होते.

"सोमनाथ, ही मुलगी मैदानावर कधी आली?"

"तिनं यायचं कावून मॅडम? ती पुण्यात अभ्यास करतीय, फौजदारकीचा. खेळणार अंजूच हाय. सदरा सात नंबरचा, नाव धनश्रीचं. पंच काय तोंडं बघत बसतेत व्हय? आप्पांनीच सांगितलंय."

आप्पा म्हणजे संस्थेचे सचिव आणि धनश्रीचे आजोबा. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी जागा राखून ठेवलेल्या असतात आणि त्यासाठी प्रमाणपत्र लागते, हे तेलगावच्या त्या महाविद्यालयात शिपायालाही ठाऊक होते.

बबिताबाईंना यादीपेक्षा तिच्यातली सफाई अधिक झोंबली. चोवीस वर्षांपूर्वी बबिता, सिरसाळ्याच्या एका मेंढपाळाची मुलगी, याच महाविद्यालयाकडून कॅचर म्हणून बॅटरच्या मागे बसत असे आणि तिच्या मागे चेंडू गेला असे क्वचितच घडे. आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या वेळी तत्कालीन प्रशिक्षकांनी तिला विजयमाला या नावाने खेळावयास सांगितले आणि पुढच्या वर्षी तिच्याच नावाने खेळवण्याचा शब्द दिला. संघाला कांस्यपदक मिळाले. पुढच्या वर्षी सरावात बॅटला निसटता लागून आलेल्या चेंडूने तिच्या उजव्या हाताची दोन बोटे मोडली, आणि ती वाकडीच सांधली गेली. विजयमाला ही आप्पांची कन्या, धनश्रीची आत्या. आज ती मोठ्या हुद्द्यावर आहे. बबिताबाईंना कायम पदाच्या मुलाखतीत नेमकी तीच एक स्पर्धा कमी पडली. गेली बारा वर्षे त्यांची नेमणूक दर जूनमध्ये नव्याने होते, अकरा महिन्यांसाठी.

त्या तडक सचिवांच्या दालनात गेल्या.

"ये बबिता, बस."

त्या बसल्या नाहीत. "यादीत अंजूचं नाव नाही, आप्पा."

"खेळती तर तीच ना? तिला खेळाया मिळतंय, कालेजला ढाल मिळतीय, आमच्या पोरीला कागद मिळतोय. कुणाचं काय गेलं?"

"अंजूचं गेलं. या सामन्यांतून विद्यापीठाचा संघ निवडणार आहेत."

"ती काय करती कागद घिऊन? मेंढरांला दाखवती?" आप्पा स्वतःच्याच विनोदावर मनसोक्त हसले. मग त्यांचा आवाज खाली आला. "आन तू बी अशीच खेळलीस की गं. आमच्या विजयमालाच्या नावानं. तवा काय दातखीळ बसलीती तुझी?"

"बसलीती," बबिताबाई म्हणाल्या. इतका वेळ जपलेली त्यांची प्रमाण भाषा त्या एका शब्दात सुटली. "तवा बसलीती, आप्पा. म्हणून तुमाला वाटतंय ती जलमभर बसंल."

"जूनमदी ये. मग बघू कुणाची बसती ते."

त्या सायंकाळी यादी प्राचार्यांच्या सहीने परस्पर रवाना झाली.

अंजूचे वडील बिभीषण यांच्या मेंढ्या तेव्हा आप्पांच्याच रानात बसवलेल्या होत्या. खतासाठी कळप रानात बसवावा आणि त्याबद्दल मेंढपाळाला धान्य मिळावे, ही तिथली जुनी रीत. बबिताबाई पोहोचल्या तेव्हा बिभीषण कोकरांच्या कानांना आपल्या घराण्याची खूण करीत होते आणि अंजू कोकरू गुडघ्यात दाबून धरून बसली होती.

"मॅडम, तुमी आप्पांशी भांडलात म्हणं," बिभीषण मान वर न करता म्हणाले. "कशापायी? मला इचारलंय त्यांनी. मी व्हय म्हणलो."

"भाऊ, या कोकराच्या कानावर दुसऱ्यानं खूण मारली तर?"

"डोकं फुटंल त्याचं!"

"आणि पोरीवर मारली तर व्हय म्हणता?"

बिभीषणांच्या हातातली कात्री थांबली. उत्तर मात्र अंजूने दिले, आणि ते बबिताबाईंना अपेक्षित नव्हते.

"मला खेळायचंय मॅडम. नाव कुणाचं का असंना. नावानं बॉल पडतो का? हात माझाच हाय."

"मीही हेच म्हणाले होते."

"मग? तुमी खेळलात ना? मला कावून आडवता?"

त्या प्रश्नाला बबिताबाईंजवळ उत्तर होते. परंतु ते वाकड्या बोटांत होते, आणि एकोणीस वर्षांच्या मुलीला दुसऱ्याची बोटे मोजण्याची सवड नसते. त्या परतल्या. रागाने त्यांना रस्ता दिसत नव्हता. हा राग आप्पांवर होता, बिभीषणांवर होता. आणि सर्वांत अधिक होता तो त्या जुन्या, आज्ञाधारक मुलीवर, जिने महाविद्यालयातल्या सत्कारात पदक दुसरीच्या गळ्यात पडताना टाळ्या वाजवल्या होत्या.

स्पर्धेच्या पहिल्या सामन्याच्या दिवशी दोन्ही संघ रांगेत उभे राहिले. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर आप्पा होते. रिवाजाप्रमाणे प्रशिक्षकाने नावे पुकारावयाची आणि खेळाडूने एक पाऊल पुढे यावयाचे. बबिताबाईंनी सहा नावे पुकारली. सातवे नाव त्यांनी साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात उच्चारले.

"धनश्री!"

सात क्रमांकाचा सदरा घातलेली अंजू एक पाऊल पुढे आली.

"पंचसाहेब, ही धनश्री नाही. धनश्री आज पुण्यात आहे. ही अंजू बिभीषण सोन्नर, माझी पिचर. यादी खोटी आहे आणि मी तिच्यावर सही केलेली नाही. धनश्रीपुढे अनुपस्थित लिहा."

आप्पा खुर्चीतून उठले. "येडी झालीस का गं? गप बस!"

"तुम्ही बसा, आप्पा. मैदानात माझा अधिकार आहे."

मुख्य पंच राधाकिशन यांनी यादीतले छायाचित्र आणि समोरचा चेहरा दोनदा ताडून पाहिला. "बाई, यादीत नाव नसलेल्या मुलीला मला खेळवता येणार नाही. तुम्ही स्वतःच्याच संघाची पिचर घालवलीत."

"ठाऊक आहे. लिहा."

त्यांनी धावपत्रकावर लिहिले. अंजूच्या डोळ्यांत पाणी नव्हते, जाळ होता. तिने हातातला ग्लोव्ह बबिताबाईंच्या पायांशी आपटला.

"माझी मॅच खाल्ली तुमी! दोन साल पहाटं उठून आले मी. आता काय करू? मेंढरं वळू?"

"ओरड," बबिताबाई म्हणाल्या. "आणखी मोठ्यानं ओरड. मी ओरडले नव्हते, म्हणून आज तुझ्यावर ही वेळ आली. पण नुसतं माझ्यावर ओरडू नकोस."

अंजूने मागे वळून आप्पांकडे पाहिले. मग ती पंचांच्या मेजाशी गेली आणि तिने त्यांच्या हातातले पेन मागितलेच नाही, सरळ काढून घेतले.

"माझं नाव घ्या यात."

"पोरी, रकाना नाही त्याला."

"मग बाजूला लिहिते." आणि पत्रकाच्या समासात, अक्षर अन् अक्षर ठसवीत, तिने लिहिले: 'अंजू बिभीषण सोन्नर. सात नंबर मी आहे. मला दुसऱ्याच्या नावाने खेळायला सांगितले.' खाली सही केली.

पंचांनी तो मजकूर वाचला आणि स्वतःची सही त्याखाली केली. पत्रकांना विद्यापीठाचे छापील अनुक्रमांक होते. सामन्यानंतर ती विद्यापीठात जमा होत, त्यामुळे हे पत्रक कोणाला फाडता येणार नव्हते. आप्पांनी कोणाला तरी फोन लावला आणि ते बोलत बोलत गाडीकडे निघून गेले.

सामना अकरा विरुद्ध दोन असा गमावला गेला. विद्यापीठाच्या संघात त्या वर्षी तेलगावची एकही मुलगी निवडली गेली नाही. परतीच्या जीपमध्ये अंजू बबिताबाईंकडे पाठ करून पुढे बसली. बबिताबाईंनी तिला समजावले नाही; तिने आपटलेला ग्लोव्ह मात्र त्यांनी मांडीवर धरून ठेवला.