घसरगुंडीचा कौल

भर बारा वाजता पाल्मा सेका वस्तीच्या बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. बायका छत्र्या उघडून उभ्या होत्या, म्हातारे घरून खुर्च्या घेऊन आले होते, एकजण तळलेली कच्ची केळी विकत होता. सगळ्यांचे डोळे लागले होते पोरांच्या पत्र्याच्या घसरगुंडीकडे. मागच्या जत्रेपासून ती म्हणे चोर ओळखायला लागली होती. खोटं बोलणारं पोर तिच्यावर भाजायचं, खरं बोलणारं हसत खाली यायचं. आणि या कोर्टाचे न्यायाधीश होते बाउदिलिओबुवा, गळ्यात लाल रुमाल, हातात ओला टॉवेल.

"तुम्हाला हा पत्रा दिसतो," बुवा सांगत होते. "कारण तुमचे डोळे मातीचे. मला दिसते संत मिगेलची तलवार. ती निरपराध्याला कापत नाही, अपराध्याला सोडत नाही. शंका असेल त्यानं आधी घरी जाऊन अंघोळ करून यावं."

घरी कोणीच गेलं नाही.

गर्दीच्या पुढे एर्सिलिया उभी होती, एका हातात बुवांपुढे लावायची मेणबत्ती, दुसऱ्या हातात सात वर्षांच्या यानिरिसचं मनगट. तिच्या नणंदेची, नुरिसची, सोन्याची साखळी घरातून नाहीशी झाली होती आणि नुरिसचा संशय पोरीवर होता. "माझं काही म्हणणं नाही वहिनी," असं म्हणत तिनं अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. चोराची आई म्हणवून घेणं एर्सिलियाला सोसवेना. म्हणून दोन दिवसांपूर्वी तिनंच पोरीला उचलून पत्र्यावर बसवलं होतं. पोरगी किंचाळली. "घेतली, मी घेतली, कालव्यात टाकली," असं ओरडतच ती खाली आली. कालवा उपसून झाला, साखळी मिळाली नाही. बुवा म्हणाले, पोर अर्धंच खरं बोलली, पुन्हा बसवा. आणि मांडीला पट्टी बांधलेल्या लेकीला घेऊन एर्सिलिया पुन्हा आली होती.

"चल, बस," ती हळूच म्हणाली. "खरं सांगितलंस की नाही भाजणार."

यानिरिसनं झगा गुडघ्यांखाली ओढून धरला.

"थांब एर्सिलिया. ती पट्टी मी बांधलीय, ती काढायचा हक्कही माझाच."

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मिलेदिस गर्दीतून पुढे आल्या. त्यांनी एर्सिलियाच्या हातातली मेणबत्ती घेतली, शिडीच्या दोन पायऱ्या चढल्या आणि मेणबत्तीचं एक टोक धरून ती उन्हातल्या पत्र्यावर आडवी दाबली. थोड्याच वेळात मेणबत्ती मऊ पडून वाकली. पत्र्यावरून मेणाचा पांढरा ओघळ उतरू लागला.

"बुवा," डॉक्टरांनी विचारलं, "या मेणबत्तीनं काय चोरलं?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. बुवांनी टॉवेल झटकला. "बाई, मेणाला आत्मा नसतो."

"तुम्हाला तर आहे ना? मग ठेवा की तळहात पत्र्यावर."

"आम्हाला वरून परवानगी लागते."

"हात ठेवायला परवानगी?" खुर्चीवरची एक म्हातारी म्हणाली. "माझ्या नातीला बसवलंत तेव्हा कोणाला विचारलं होतं?"

बुवांनी हात खिशात घातला, तो काही बाहेर आला नाही. डॉक्टर गर्दीकडे वळल्या. "आजवर कोण निर्दोष सुटलं, आठवा. जाड लांब पँट घातलेले पोरगे, आणि ज्यांच्या घरून बुवांना कोंबडी आली ती पोरं. त्यांच्या आधी बुवा मंतरलेल्या पाण्याचा टॉवेल फिरवायचे, पत्रा गार व्हायचा. चोर ठरल्या त्या झगा घातलेल्या, मेणबत्ती घेऊन आलेल्यांच्या पोरी. पाप काय झग्यातच राहतं?"

"पण आधी कधी भाजायचं नाही, डॉक्टरीणबाई," नुरिस म्हणाली. "आम्ही सगळे यावरच खेळलो."

"बदामाच्या सावलीत खेळलात. जत्रेत बँडवाल्यांचं व्यासपीठ मावत नव्हतं म्हणून ते झाड तोडलं. हात वर करून सगळ्यांनी होकार दिला होता. कडक उन्हात मुलांना पत्र्यावर बसवू नका, अशी पाटी होती इथं. ती कुठाय?"

कोपऱ्यात डोमिनो खेळणारे म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. मग एकानं सोंगट्या गोळा केल्या आणि पाय लावून टेबल केलेली ती पाटी उलटी करून दाखवली. त्याचे कान लाल झाले होते.

"ऊन सगळ्यांना सारखं भाजतं," डॉक्टर म्हणाल्या. "बाग पोरांची आहे. त्यांना बसवण्याआधी पत्र्याला आपला हात लावून बघायचा, एवढंच करायचं होतं. त्याला ना संत लागतो, ना डॉक्टर."

बुवा बगलेत कोंबडी घेऊन भाड्याच्या मोटारसायकलवर केव्हा बसले, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. लोक खुर्च्या उचलून निघाले. नुरिस भावजयीकडे न बघताच घरी गेली.

एर्सिलियानं पत्र्याला तळहात लावला आणि चटकन मागे घेतला. एवढ्या वेळात, एवढ्या दिवसांत, तिनं पहिल्यांदाच हात लावला होता. तिला इतकी लाज वाटली की लेकीकडे बघवेना. ती भिंतीच्या सावलीत मटकन बसली. यानिरिस समोर उभी राहिली, कारण तिला बसता येत नव्हतं.

"आई, मग साखळी मी घेतली नव्हती?"

लोखंडानं सांगितलेलं पोरीला स्वतःच्या आठवणीपेक्षा खरं वाटलं होतं.

"नव्हती घेतलीस," ती म्हणाली. "माझंच चुकलं, बाळा. पत्र्याला कशाला विचारायचं? मी तुला विचारायला हवं होतं."

यानिरिसनं जरा आठवून बघितलं.

"विचारलं होतंस," ती म्हणाली. "मी नाही म्हटलं होतं."