बटण चिकटलेला वाटाड्या

मी एक जुना बोलका डबा आहे, मित्रांनो. साबणाच्या वडीएवढा, गळ्यात अडकवायचा. माझा जन्म लखनौजवळच्या चिनहटच्या एका कारखान्यात झाला आणि लखनौच्या मराठी मंडळानं मला आणलं. माझ्या पोटात नरेंद्र पाटणकरांचा आवाज आहे. ते रेल्वेत इंजिनिअर. गाइड लोक मनाला येईल ते सांगतात, याचा त्यांना भारी राग. म्हणून एका रविवारी त्यांनी स्वतःच शहरभर फिरत, इतिहास सांगत, 'आता डावीकडे', 'आता सात पायऱ्या' असं सगळं एका दमात माझ्यात भरलं. पाटणकर पळाल्यासारखे चालतात. म्हणजे मलाही पाहुण्यांना तसंच पळवावं लागतं.

गणेशोत्सवात माझं कौतुक झालं, मला हार घातला. मग कामाला लागलो. अमीनाबादच्या गर्दीत मी "समोरची नक्षीदार कमान बघा" म्हणायचो, तेव्हा पाहुणे अजून मागच्या गल्लीत, प्रेशर कुकरच्या दुकानासमोर. एका काकांनी त्या दुकानाचेच चार फोटो काढले. पुढं कुणीतरी माझ्यावर कुल्फी सांडली आणि माझं थांबायचं बटण कायमचं चिकटलं; तेव्हापासून मला मध्येच थांबवता येत नाही. दुरुस्तीचा ठराव मंडळात दोनदा मंजूर झाला.

एका दुपारी बँकेतल्या चंद्रकांत बेडेकरांनी मला गळ्यात घातलं. बरोबर बायको विनीता आणि पुण्याहून आलेली मोठी बहीण, सुलभाताई. सुलभाताईंची परतीची गाडी पाच वाजता आणि परवा त्यांच्या मुलीचा साखरपुडा. इमामबाड्याच्या वरच्या मजल्यावरचा भुलभुलैया, म्हणजे बोळांचं जाळं, तेवढा बघायचा राहिला होता.

दारावर एक म्हातारे गाइडचाचा उभे होते. "हुज़ूर, किसी को साथ ले लीजिए. अंदर रास्ते बहुत हैं."

"भैया, हमारे पास मशीन है," चंद्रकांत म्हणाले.

"जी. बाहर भी ले आएगी ना?"

आत तिसऱ्याच वळणावर सुलभाताईंनी हळूच चिवड्याचा डबा काढला. "एकेक घास घ्या रे. पोटात काही नसलं की मला इतिहास कळत नाही." तिघांनी पाच मिनिटं चिवडा खाल्ला. तेवढ्यात मी नऊ वळणं आणि दोन जिने पुढं निघून गेलो.

मग ते माझं ऐकत निघाले. "आता उजवीकडे," मी म्हणालो. उजवीकडे भिंत. "या झरोक्यातून बाग दिसते." दिसलं एक कबूतर. खांदे घासतील असा बोळ, पुढं तसाच दुसरा, आणि त्याच्या टोकाला खाली सांडलेले पोहे.

"चंदू, हा आपलाच चिवडा. शेंगदाणा ओळखते मी माझा."

"ताई, मशीन बरोबर सांगतंय. आपणच चुकतोय यार."

"चार वाजले! ताईंना स्टेशनवर काय मशीन सोडणार आहे?" विनीता कडाडली.

"वासंती, पाण्याची बाटली दे गं," मी मध्येच म्हणालो. वासंती म्हणजे पाटणकरांची बायको. ते वाक्य चुकून माझ्यात राहून गेलं होतं.

तहानलेल्या सुलभाताईंनी बोळात डोकावून हाक मारली, "अहो वासंतीताई! इकडं पण द्या!"

मित्रांनो, काय सांगू? मला सगळं दिसत होतं. 'मागं फिरा!' असं ओरडावंसं वाटत होतं. पण मला बोलता येत होतं ते फक्त पाटणकरांचं, तेही आठ महिन्यांपूर्वीचं. ते तिघं बोळात अडकले होते, मी पाटणकरांत.

"छान! आता आपण बाहेर आलो," मी उत्साहानं सांगितलं आणि माझी बॅटरी संपली.

पहिल्यांदाच शांतता झाली. भिंतीकडून टर्रकन आवाज आला. खालच्या दालनाच्या पलीकडच्या टोकाला गाइडचाचा लोकांना कागद फाडून दाखवत होते. तो आवाज वरपर्यंत पोचतो, ही तिथली गंमत. आधीही पोचत असणार. माझ्या बडबडीत ऐकतो कोण!

सुलभाताईंनी झरोक्याला तोंड लावलं. "भैया! हम खो गए! मेरी गाड़ी है!"

"वहीं रुकिए, बहनजी. हम आते हैं. मशीन को भी सँभालिएगा, घबरा गई होगी."

चाचांनी सात मिनिटांत बाहेर काढलं. चंद्रकांत मला भिरकावणारच होते. "दे इकडं," म्हणत सुलभाताईंनी मला गळ्यात घातलं आणि तशाच पाचच्या गाडीत चढल्या. मी त्यांच्या गळ्यातच राहिलो, हे गाडी सुटल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं.

आता मी पुण्यात, शोकेसच्या काचेमागं. पाहुणे आले की सुलभाताई मला चार्ज करून चालू करतात. चहा पिणाऱ्यांना मी सांगतो, "डावीकडे वळा, समोर गोमती नदी." समोर फ्रिज आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी लखनौला निघालं तर मला घेऊन चला. वाटेत कुठंतरी माझं बटण दुरुस्त करा. आणि तिथं दर वळणावर मला गप्प करा, नीट बघा, दारातल्या माणसाला विचारा. मी नंतर बोलेन. मला थांबता येतं का, एवढं एकदा तरी बघायचंय.