वीतभर सांद

लिंबाजीच्या मागच्या खोलीची भिंत श्रावण लागला की पाझरायची. पलंगामागं काळी बुरशी माणूसभर उंच चढली होती आणि त्याच पलंगावर त्याची सहा वर्षांची नात भक्ती उशीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. आडवी झाली की छातीत घरघर सुरू. परभणीच्या डॉक्टरनं औषधं दिली आणि सुनेला, मंजुषाला, बजावलं की भिंत वाळल्याशिवाय पोरगी बरी व्हायची नाही.

भिंत का ओली, हे साऱ्या आळीला ठाऊक होतं. मागं सिद्धोधनचं घर, बौद्धवाड्याच्या कडेचं. दोन घरांच्या भिंतींमध्ये वीतभर सांद राहिली होती. पावसाचं पाणी त्या सांदीत उतरायचं, काळ्या मातीत मुरायचं आणि लिंबाजीच्या भिंतीतून वर चढायचं. सिद्धोधन जातिवंत गवंडी, त्याची बाजू त्यानं बांधतानाच पक्की केली होती. तेव्हाच तो म्हणाला होता, सांदीवर पत्रा टाकू. एक कड माझ्या भिंतीत, एक तुमच्या. लिंबाजीनं चार माणसांसमोर त्याला विचारलं, तुझा हात माझ्या भिंतीला लागावा, एवढे दिवस फिरले का माझे? माणसं हसली. सिद्धोधन थापी धुऊन निघून गेला.

नात आजारी पडल्यावर लिंबाजीनं झरीहून दुसरा गवंडी आणून आतून सिमेंटचा गिलावा करून घेतला. महिनाभरात ओल गिलाव्याच्या वर निघाली. मग त्यानं खोलीत गोवऱ्या पेटवून धूर केला. भक्तीचे ओठ निळे पडले, तेव्हा मंजुषानं त्या गोवऱ्यांवर घागर ओतली. मुलगा जीवन एसटीत कंडक्टर. बापापुढं त्याचं तोंड उघडत नसे.

भादव्यात लिंबाजी दोन दिवस चारठाण्याला सोयऱ्याकडं गेला. मंजुषानं सिद्धोधनला बोलावलं. त्यानं अर्ध्या दिवसात दोन्ही भिंतींना खाच पाडून पत्रा बसवला, कडा सिमेंटनं बुजवल्या. मजुरी विचारली तर भक्तीकडं बघून नको म्हणून मान हलवली. त्या रात्रीच्या पावसात सांदीत थेंब उतरला नाही.

लिंबाजी आला, त्यानं पत्रा बघितला. पहार घेतली आणि शिडी लावून वर चढला. भक्ती दारात उभी होती.

"मामा, पोरगी मरंल," मंजुषा खालून म्हणाली.

"पोरगीच हाय की," तो वरून म्हणाला, आणि पहार घातली.

पत्रा सांदीत कोसळला तो खडखडाट दूरवर ऐकू गेला.

मंजुषा रडली नाही. तिनं भक्तीचं अंथरूण उचलून पुढच्या खोलीत, लिंबाजीच्या बाजेवर टाकलं. त्याची गादी, तंबाखूची चंची, पाण्याचा तांब्या मागच्या खोलीत नेऊन ठेवला. लिंबाजी जेवायला आला तेव्हा ती म्हणाली, "भिंत तुमची हाय, मामा. तुमीच राखा."

लिंबाजीनं लेकाकडं बघितलं. जीवननं मान खालीच ठेवली, पण उठून बापाची काठी त्यानंच उचलली आणि मागच्या खोलीत नेऊन टेकवली.

दिवाळीपर्यंत भक्ती आडवी झोपायला लागली. लिंबाजी उशीला टेकून बसल्या बसल्या झोपायला लागला.

दिवाळीनंतर अवकाळी पाऊस आला. चार दिवस थांबेना. पाचव्या दिवशी सकाळी जरा उघाड पडली, तेव्हा लिंबाजीला वर सांदीच्या कडेला पावलं वाजल्यासारखी वाटली. सिद्धोधन आपल्या छतावरून खाली वाकला होता.

"काका, तुमची धाप आमच्या घरात ऐकू यायलीय. पत्रा ठोकू का? आतून निस्तं व्हय म्हणा."

लिंबाजीच्या छातीतून खोकल्याची उबळ वर आली. त्यानं गोधडीचं टोक तोंडात कोंबलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं. डोळ्यांतून पाणी आलं. पाठीमागची भिंत सदऱ्यातून गार लागत होती.

वर सिद्धोधन बराच वेळ थांबला. मग त्याची पावलं लांब गेली.

लिंबाजीनं गोधडी सोडली आणि खोकल्यानं दुमडला. पुढच्या खोलीत मंजुषानं सगळं ऐकलं असणार. तिची पावलं मधल्या दारापर्यंत आली, थांबली. मग तिनं दार ओढून घेतलं आणि पलीकडून कडी घातली.